वारेतले पांढरे तंतू

माझ्या मुलीची सोयरीक ठरली तेव्हा आम्ही वडीलधाऱ्यांनी कूळ विचारले. एका कुळातली माणसे एका रक्ताची, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही, हा आमचा नियम. मुलगा सायवनचा, शिक्षक, कूळ निराळे. एवढे पुरेसे होते. त्याच आठवड्यात आरोग्यसेविका तलासरीतल्या आमच्या घरी आली. लग्नाआधी दोघांचे रक्त सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी तपासून घ्यावे, असे तिचे म्हणणे होते. बोटाला सुई टोचण्यापलीकडे त्यात काही नव्हते. मी म्हणालो, "बाई, कुळं वेगळी आहेत." ती निघून गेली. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवीत होतो.

नातू वर्षाचा झाला आणि त्याचे हातपाय सुजू लागले. तो रडे, मग रडूनही थकत असे. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आजाराचे नाव सांगितले. केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चार चौकोन काढले. आईत दोष निम्मा, बापातही निम्मा. अशा माणसाला वाहक म्हणतात, त्याला स्वतःला त्रास होत नाही. पण दोघे वाहक एकत्र आले की प्रत्येक मुलाच्या वेळी चारांतला एक चौकोन आजाराचा. तसेच चौकोन मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढले होते, वाटाण्यांच्या रोपांसाठी. पुढे आम्हा थोरांचेही रक्त तपासले. मुलीला हा दोष माझ्याकडून गेला होता.

२०१७ साली तिला पुन्हा दिवस गेले. नातू तेव्हा चार वर्षांचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बाळ जन्मेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. तिसऱ्या महिन्यात गर्भाला पोसणाऱ्या वारेचा एवढासा कण काढून त्यातला डीएनए वाचता येतो. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ते होते.

माझ्या विहीणबाईंना ते पटेना. "पोटातल्या पोराचं रक्त काढणार? अजून त्याला बोटं तरी फुटली का, गुरुजी?"

"रक्त नाही. वारेचा कण."

"आणि वाईट निघालं तर?"

उत्तर मुलीने दिले. "तर मी ठेवणार नाही, आई. एकाचं दुखणं रोज बघते आहे. दुसऱ्याला जाणूनबुजून त्यात घालणार नाही."

विहीणबाईंनी अंगणात खेळणाऱ्या नातवाकडे पाहिले. "म्हणजे याचं आधी कळलं असतं तर—"

"हा आहे," मुलगी म्हणाली. "याच्याबद्दल बोलायचं नाही."

त्यानंतर त्या घरात तो विषय कोणी काढला नाही.

मुंबईला आम्ही चौघे गेलो. मुलगी, जावई, विहीणबाई आणि मी. तिथल्या डॉक्टरांनी आधी सह्या घेतल्या. विहीणबाईंनी संधी साधली. "एवढं सगळं दिसतं, तर मुलगा की मुलगी तेही दिसत असेल ना?"

"दिसतं, आजी."

"मग?"

"सांगितलं तर मला तुरुंगात डबा घेऊन याल का?"

"तुमच्या बायकोला सांगा डबा आणायला," विहीणबाई म्हणाल्या. त्या दिवशी मुलगी तेवढी एकदाच हसली.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई आत घालतात. मी बाहेर होतो. काम झाल्यावर परिचारिका बाटली घेऊन आमच्या समोरून जात होती. दाखवाल का, असे मी विचारले. मी मुळात कमी बोलतो, कोणाकडे असे काही मागत नाही. तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यात दोन-चार पांढरे तंतू तरंगत होते, भिजलेल्या सावरीच्या कापसासारखे. त्यांना फांद्या होत्या. फांद्यांना बारीक कळ्या होत्या.

"यात सगळं आहे?" मी विचारले.

"सगळं. रंग, उंची, सगळं. आम्ही फक्त एकच जागा वाचणार."

कोट्यवधी अक्षरांच्या त्या मजकुरात आमच्या घरातला दोष म्हणजे एक बदललेले अक्षर, हे मला नंतर समजावून सांगण्यात आले. ते माझ्या बापाने किंवा आईने मला दिले असणार. त्यांना कोणी दिले असेल? त्यांनी भात लावला, ताडी काढली, लग्ने जमवली, देव पुजले, आणि हे अक्षर न चुकता पुढे दिले. आमच्या कोणत्याही कथेत, कोणत्याही गाण्यात त्याचा उल्लेख नाही. कुळांच्या कुंपणाला ते कधी अडले नाही. मी शाळेत शिकवलेले सगळे खरे होते. ते माझ्या अंगात आहे, हे मात्र माझ्या मनात कधी आले नव्हते.

निकालाला दहा दिवस लागले. त्या दिवसांत मुलगी नेहमीची कामे करीत होती. पोटाला ती हात लावीत नसे. ते मी पाहिले.

रिपोर्ट डहाणूच्या डॉक्टरीणबाईंकडे आला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मग मुलीकडे पाहिले. "आजार नाही. बाळ वाहक आहे. तुझ्यासारखं. गुरुजींसारखं."

"गुरुजींसारखं?" विहीणबाई म्हणाल्या. "देवा, मग बोलणार तरी कधी ते?"

मुलीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि खूप वेळ काढले नाहीत. जावई उठून बाहेर गेला.

मी रिपोर्ट मागून घेतला. कागदावर आईचे नाव होते. ज्याच्याबद्दल तो लिहिला होता, त्याला अजून नाव नव्हते. जे मला स्वतःबद्दल उतारवयात कळले, ते याच्याबद्दल त्याच्या पहिल्या श्वासाआधी कळले होते. एवढे ज्ञान माणसाच्या हाती कसे आले, याचा विचार करीत मी बाकावर बसून राहिलो. मला हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते ठरेना.

"बाबा, चला," मुलगी म्हणाली. "त्याच्या गोळीची वेळ झाली."

नातू सायवनला शेजाऱ्यांकडे होता. आम्ही निघालो.