रकाना रिकामा ठेवणाऱ्या घरत सिस्टर

श्रीमती विमल घरत, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या घरत सिस्टर, यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझी चोरी पकडली त्या सकाळी. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात चोरीने करू नये, एवढं मलाही कळतं. पण सिस्टरांच्या साठीनिमित्त लिहायचं आणि त्यातच लपवाछपवी करायची, हे माझ्याच्याने होणार नाही.

मी दिवेआगरची. नर्सिंगचा कोर्स संपवून उरणजवळच्या एका खासगी रुग्णालयात नुकतीच लागले होते. महिला वॉर्डात रोज सकाळी प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी आणि रक्तदाब मोजून खाटेला अडकवलेल्या तक्त्यात लिहायचा असतो. डॉक्टरांच्या राउंडची वेळ झाली आणि माझ्या सहा खाटा राहिल्या होत्या. मी सरळ टेबलाशी बसले आणि सहाही जणींना अठ्ठ्याण्णव पॉइंट चार ताप आणि शहात्तर नाडी वाटून मोकळी झाले. घाईच्या दिवशी असं करणारी मी काही पहिली नव्हते. घरत सिस्टर महिला आणि पुरुष, दोन्ही वॉर्डांच्या इन्चार्ज होत्या. त्यांनी एक तक्ता पाहिला, त्या खाटेवरच्या आजींच्या कपाळावर हात ठेवला आणि मला बोलावलं.

"यो आकडा कोनी लिवला गो?"

"मी, सिस्टर."

"थर्मामीटर लावला व्हतास?"

त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. आजींना एकशे दोन ताप निघाला! सिस्टर ओरडल्या नाहीत. खोट्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायला लावली, शेजारी खरा आकडा आणि माझी सही. मग उरलेल्या पाच जणींकडे घेऊन गेल्या.

"मोजाला येल नसंल तर रकाना रिकामा ऱ्हावदे," त्या म्हणाल्या, "पन खोटा भरू नको. डॉक्टर यो आकडा बघून औषध देतान."

नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. दुपारी सिस्टरांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्यापुढे सरकवली. "जेव आधी. रडून पोट भरतं काय?" त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले. त्यांनी मला तसं कधी म्हटलेलं नाही, पण मी म्हणवून घेते.

सिस्टर मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. त्यांच्या गावातून नर्स झालेल्या त्या पहिल्याच. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आज पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंतच्या दवाखान्यांत आहेत आणि त्यातली एकही त्यांच्या बोलण्यातून सुटलेली नाही. चादरीचा कोपरा नीट खोचला नाही तर सिस्टर संबंध खाट पुन्हा लावायला सांगत. ड्युटी बदलताना जाणारी नर्स येणारीला रुग्णांची माहिती देते, त्याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. ती टेबलाशी बसून दिलेली त्यांना चालत नसे. खाटेपाशी जायचं, रुग्णाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या देखत सांगायचं. एकदा पुरुष वॉर्डात ओव्हर देताना मी "बारा नंबर, पाय मोडलाय" म्हणाले. सिस्टर जागच्या जागी थांबल्या. "बारा नंबरला आई-बापानं नाव ठेवलं नाय काय?" त्याचं नाव रामसजीवन, बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवणारा माणूस. पाय बरा झाल्यावर तो पेढे घेऊन आला आणि ट्रेलर थेट आमच्या फाटकासमोर आडवा लावून आला. सिस्टरांनी आधी त्याला रस्ता अडवल्याबद्दल झापलं, मग पेढा घेतला.

आता ज्या प्रसंगासाठी मी लेखणी हातात घेतली आहे त्याकडे येते. तो आठवला की अजूनही मला एका जागी बसवत नाही!

गेल्या वर्षी रुग्णालयात नवीन व्यवस्थापक आले. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की महिला आणि पुरुष असे दोन्ही वॉर्ड एकाच नर्सने बघायचे. वॉर्ड दोन मजल्यांवर. शिवाय विमा कंपन्यांचे फॉर्मही तिनेच भरायचे. आम्ही अर्जावर अर्ज दिले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "सिस्टर, थोडं मॅनेज करा ना." खाली सलाईन संपायचं तेव्हा आम्ही वर असायचो. वर कुणी हाक मारायचं तेव्हा जिन्यात. आणि कबूल करते, तक्त्यांमध्ये पुन्हा सगळ्यांचा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दिसू लागला.

चेंजिंग रूममध्ये आमची बैठक झाली. बहुतेकींना संप हवा होता. सिस्टर म्हणाल्या, "संप केला तर पेशंट कुठं जातील? काम सोडायचं नाय. उद्यापासून खरं लिवायचं, बस."

ठरलं ते एवढंच. ज्याची प्रकृती जास्त नाजूक, त्याला आधी बघायचं आणि पूर्ण बघायचं. जे मोजायला जमलं नाही त्याचा रकाना रिकामा ठेवायचा आणि शेजारी लिहायचं, 'दोन वॉर्ड, नर्स एक.' खाली वेळ आणि सही.

पहिल्याच सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले आणि तक्ता बघून भडकले. "सिस्टर, बीपी कुठाय?"

"घेतलं नाही, सर."

"काल तर लिहिलंय!"

"काल लिहिलं होतं, सर," घरत सिस्टर म्हणाल्या. "घेतलं नव्हतं."

डॉक्टरांनी स्वतः पट्टा मागवला आणि रक्तदाब मोजला.

तीन दिवसांत दोन्ही वॉर्डांचे तक्ते भोकं पडल्यासारखे दिसू लागले. पंधरा दिवसांनी दर्जा तपासणारी समिती येणार होती. व्यवस्थापकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तक्त्यांचा गठ्ठा होता. "बसा आणि हे भरून काढा. नाहीतर हलगर्जीपणाची तक्रार थेट नर्सिंग कौन्सिलकडे जाईल. घरत सिस्टर, पहिलं नाव तुमचं."

ही धमकी साधी नव्हती. नोंदणी रद्द झाली की नर्स म्हणून कुठेही उभं राहता येत नाही. सिस्टरांना मानाने निवृत्त व्हायला एकच वर्ष उरलं होतं, आणि आता त्यांच्या सगळ्या नोकरीवर हलगर्जीपणाचा शिक्का बसणार होता.

सिस्टर पुढे झाल्या. सर्वात वरचा तक्ता ओढला, पेनाचं टोपण काढलं. आम्हाला वाटलं, संपलं सगळं.

"सांगा साहेब. सावित्रीबाईंचं बीपी किती लिवू?"

"मला काय माहीत?"

"मलापन म्हाईत नाय. तुमी आकडा सांगा, मी लिवते. खाली सही तुमी करा." आणि त्यांनी पेन साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी पेन घेतलं नाही! मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

संध्याकाळपर्यंत सिस्टरांच्या हातात निलंबनाचा कागद पडला. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी होते आणि व्यवस्थापक जातीने वॉर्डात येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. माझ्या घरात पगार आणणारी मी एकटीच. पण मी लिहिलं, 'दोन वॉर्ड, नर्स एक.' माझ्यानंतर आलेलीने तेच लिहिलं आणि तिच्यानंतरच्या दोघींनीही. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी रुग्णालयाच्या विश्वस्तांना पत्र दिलं की बनवलेल्या आकड्यांवर आपण उपचार करणार नाही. आठ दिवसांनी आदेश निघाला: प्रत्येक वॉर्डाला स्वतंत्र नर्स, फॉर्म भरायला वेगळा माणूस, घरत सिस्टरांचं निलंबन रद्द, आणि कौन्सिलकडे तक्रार जाणार नाही!

आम्ही चौघी ती बातमी घेऊन धावतच सिस्टरांच्या घरी गेलो. त्या अंगणात सुकट वाळत घालत होत्या. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांचा आवाज चढला, "सगल्या हितं आल्याव, तर वॉर्डात कोन हाय?"

"ओव्हर देऊन आलोय, सिस्टर! खाटेपाशी उभं राहून!"

मग त्या हसल्या, आणि हसता हसता पायरीवर बसून रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. आठ दिवस त्यांना झोप लागली नव्हती, हेही तेव्हाच कळलं. आम्ही त्यांना न घाबरणाऱ्या समजत होतो. त्या घाबरल्या होत्या, तरीही पेन पुढे धरलं होतं.

आज सिस्टर साठ वर्षांच्या झाल्या आणि ठरल्या वेळी, ठरल्या मानाने निवृत्त होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, तिखट पचत राहो. आणि पुढे कधी त्यांनाच एखाद्या खाटेवर झोपावं लागलं, तर त्या रुग्ण म्हणून सगळ्यांना सळो की पळो करून सोडतील, यात मला शंका नाही. तेव्हा त्यांच्या उशाशी बसायला जिच्याकडे वेळ आहे, अशी सिस्टर त्यांना मिळो. मी त्याच वॉर्डात आहे. ती मिळेल, एवढं मी बघीन.