दौंडची शाखा

शिरूरच्या दबोराताईंनी छोट्या धंद्यांना नफा न घेता कर्ज देणारी संस्था उभी केली, तेव्हा वैष्णवी त्यांच्याकडे टायपिंगला होती. ताईंनीच तिला शिकवलं आणि दौंडची नवी शाखा तिच्या हाती दिली.

वर्षभराने ताई शाखा बघायला गेल्या. संस्थेच्या कर्जावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलेल्या राजनंदिनीने चहा मागवला. पहिला कप वैष्णवीला दिला आणि ताईंकडे वळून विचारलं, "तुमी मॅडमच्या ऑफिसात नव्यानं लागलाय व्हय?"

ताई हसल्या, पण चहा अर्धाच ठेवून उठल्या. पुढे बाजारातही जो तो वैष्णवीलाच हाक मारत होता. कुणाची सून बाळंत झाली, हेसुद्धा तिला ठाऊक होतं. एके काळी शिरूरला ताईंनाही असंच सगळं ठाऊक असायचं.

स्टँडवर आल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून तू शिरूरला ये. इथं दुसरं कुणीतरी बघेल."

वैष्णवीचा चेहरा उतरला. "येते ताई. पण तिथं मला कोण विचारणार? जो येईल तो 'दबोराताई कुठं हायेत?' एवढंच म्हणायचा. लई जळायचे मी तुमच्यावर."

ताई म्हणाल्या, "राहा मग इथंच."

एसटीत बसल्यावरही वैष्णवीबद्दल वाटणारा हेवा ताईंच्या मनातून गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात न जाता त्या थेट शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाई गावाला निघाल्या. तिथल्या नव्या कर्जदारांपैकी एकाचाही चेहरा त्यांनी अजून पाहिला नव्हता.