कापड्याच्या शाळेतला व्हिनेगरचा वास
सून चायनीज करायला व्हिनेगरची बाटली उघडते, तेव्हा मला कापडे गावच्या शाळेतला तो वर्ग आठवतो. तेव्हा मी पोलादपूर तालुक्यात नर्स होते. शिमगा तोंडावर आला होता, म्हणजे मुंबईला कामाला असलेले नवरे गावी येणार होते. त्याआधी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी उरकावी म्हणून मी वाडीवाडीत फिरून बायका जमवल्या. तपासणी साधी होती, आत व्हिनेगरसारखं पाणी लावायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. चादरी बांधून आडोसा केला होता, वर्गभर आंबट वास होता. शहरातून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आधी समजावलं की हा कॅन्सर विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो. खरंच होतं ते. पण पुढे बसलेली एक म्हातारी उठली. "म्हंजे तसला रोग हाय. आमच्या घरात तसलं कोन नाय," असं म्हणून तिने सुनेचा हात धरला, "चल गो." त्या सुनेच्या अंगावरून महिनाभर लाल जात होतं. त्यांच्यामागोमाग सगळा वर्ग रिकामा झाला. मी फाटकापर्यंत धावले, म्हटलं, अगं, विषाणू काय चालचलन विचारून शिरतो? सून हळूच म्हणाली, "सिस्टर, काय निघालं तर शिमग्याला येतील त्यांना काय सांगू?" पुढे ती दवाखान्यात आली तेव्हा फार उशीर झाला होता. आता त्या विषाणूवर लस आहे. परवा नातीला देऊन टाकू म्हटलं, तर माझी शिकलेली सून कढई हलवत म्हणाली, "आई, आपली मुलगी काय तसली आहे का?"