बंद खोलीतली गिटार कितीला विकू?

मित्रांनो, मी मस्कतला कामाला. डोंबिवलीची खोली दोन वर्षं बंद आहे. घरी यायच्या तिकिटाला पैसे कमी पडतायत, म्हणून आज तिथली माझी गिटार विकायला काढली. तारा गंजल्या असणार, म्हणून दोनच हजार सांगितले.

शेजारच्या काकूंनी चावीने खोली उघडून दिली. गिऱ्हाईक कल्याणचा पोरगा, प्रामाणिक. त्याने तिथूनच मला फोन केला.

"दादा, कमी सांगितलेस. तारा चकाचक आहेत, सुरातपण आहे. रोज वाजवतं ना कोणतरी?"

मी काकूंना फोन द्यायला लावला.

"कोण येणार रे? संध्याकाळी वाजते, तेव्हा मला वाटतं तूच आलायस. बघायला येते, तर दाराला कुलूप."

तरीही पोरगा चार हजार देतोय. तुम्हीच सांगा, जी रोज दुसराच कोणी वाजवतो, तिचे पैसे मी कसे घेऊ?