आप्पांनी खणलेला चर

आप्पा मुकादम पूल तपासायचे ते भांडायला उतरल्यासारखे. धोतर वर खोचून कमानीखाली शिरायचे आणि दगडावर हातोडा असा हाणायचे की पारव्यांची पळापळ व्हायची. दगड खणखणला तर ठीक. बद्द वाजला की त्याला शिवी हासडून चुन्याची फुली मारायचे. "सायेब, ह्यो आतनं मेलाय." माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीला न कळलेलं त्यांच्या कानाला कळे.

माणसांशीही हीच तऱ्हा. एका ठेकेदाराने भेगेवर नुसता गिलावा फासला होता. आप्पांनी तो बोटांनी उकरला, ठेकेदाराची मान आवळली आणि मूठभर त्याच्या तोंडात कोंबला. "खा की! पुलाला चालतंय, मग तुला का न्हाय?" तक्रार झाली, पण भेग आठवड्यात नीट भरली गेली.

नव्वदच्या दशकात उचगावपलीकडच्या जुन्या पुलाच्या मधल्या कमानीत नऊ फुल्या पडल्या. आप्पा म्हणाले, "आजच बंद करा. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की ह्यो बसतोय." हुकूम माझ्याच सहीने निघणार होता. पण ऊसवाले अंगावर येतील म्हणून मी भ्यालो. वरून मंजुरी येऊ दे, म्हणत टाइप केलेला कागद दोन महिने खिशात घेऊन फिरलो.

गाळप सुरू झालं त्या सकाळी आप्पांनी कुणालाही न विचारता पुलाच्या तोंडावर कमरेइतका चर खणला. मी जीपने पोचलो तेव्हा वीसेक ट्रॅक्टर तुंबले होते.

"कुणाच्या आर्डरीनं खणलंस रं?" एक ट्रॅक्टरवाला आप्पांवर खेकसला.

"माज्या!"

पहिला ऊस त्यांच्या तोंडावरच फुटला. मग लाथा, मग ट्रॉलीची लोखंडी पिन कानशिलावर. रक्ताने माखलेले आप्पा चरात पडूनही कुदळ फिरवत ओरडत होते, "पुलावर चाक घातलंस तर मुंडी मोडीन!"

मी वीस पावलांवर होतो. जीपमधून उतरलो नाही.

पोलीस आले, वाहतूक वळवावीच लागली आणि वर्षभर रेंगाळलं असतं ते काम तीन आठवड्यांत झालं. कमान उतरवताना दगड नुसत्या हाताने निघत होते. चौकशीत विचारलं, "साहेब कुठं होते?" आप्पा म्हणाले, "हापिसात आसतील." त्यांचा एक कान कायमचा गेला होता, पुढे दुसराही मंदावला. हातोडा सुटला.

आता अहवाल आला की मी उभ्याउभ्या सही करतो. माझ्या वेगाचं कौतुक होतं, तेव्हा लाज वाटते.

आप्पा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "मला माफ करा, आप्पा."

त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला की, सायेब."

भोवती सगळं कार्यालय उभं होतं. मला मोठ्याने बोलता आलं नाही.