दवाखान्याच्या पाच खाटा

आमचं गाव जऊळक्याच्या अलीकडं. गावात दवाखाना व्हता. सरकारी नाई, गावाचा. भिती लोकायनं श्रमदानानं उभ्या केल्या, मालेगावचे एक डॉक्टर हप्त्यातून दोनदा येत, अन् पाच घरायनं पाच लोखंडी खाटा देल्ल्या. आता देल्ल्या म्हनजे नुसत्या कशा देतीन? दर खाटेच्या उशाशी रंगानं लिहिलेलं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पेशंट कण्हत पडे अन् त्याच्या डोक्यावर कोनाचा तरी बाप नाहीतर आजा.

मेहरबी चाची तिथं आया व्हती. सव्वीस वर्षं. झाडनं, पानी तापवनं, बाळंतिणीचा हात धरून बसनं, सारं तिच्याकडं. तोंडानं मात्र लय फटकळ. एखादी बाई वरडली का म्हने, "वरड, बिनधास्त वरड, पन लाता नको झाडू माह्या अंगावर!" गावातले निम्मे पोट्टे पहिले तिनं पाह्यले, मंग त्यायच्या मायनं.

मंग डॉक्टर म्हातारे झाले, त्यायचं येनं बंद झालं. दुसरा कोनी टिकला नाई. कुलूप लागलं. चार महिन्यात दौलतराव पाटलायनं आपली खाट उचलून नेली. "आमच्या बापाचं नाव हाय तिच्यावर, गंजू कायले द्याची?" हे आयकून बाकीचे चौघंबी आपापल्या खाटा घेऊन गेले. त्यात आमी आलोच. गाव करी ते राव न करी म्हनतात. आमच्या गावानंच केलं अन् गावानंच मोडलं.

औंदा हिवाळ्यात बातमी आली. या भागात बाळंतपनाचं एक उपकेंद्र भेटनार. ज्या गावात इमारत अन् पाच खाटा तयार असतीन, त्या गावाले पहिला मान. गुरुवारी साहेब पाहाले येनार.

चाचीले चैन पडेना. तिची सून यूसरा सातव्या महिन्यात व्हती. यूसराचं पहिलं लेकरू वाशिमच्या रस्त्यावर रिक्षातच गेलं व्हतं, चाचीच्या मांडीवर. गावच्या एवढ्या बाया मोकळ्या केल्या जिनं, तिले घरचं लेकरू वाचवता आलं नाई. म्हनून सोमवारी सकाळीच ती खाटा मांगत घरोघरी निघाली.

दौलतरावाची बायको सीताबाई खाटेवरच बसली व्हती. म्हनली, "ने ना चाची, पन पहिले बाकीच्यायच्या येऊ दे."

दुसऱ्या घरी भाऊसिंग म्हनला, "पाटलाची गेली का? ती जाऊ दे, मंग माही."

तिसऱ्या-चौथ्या घरी तेच. माह्याकडं आली तवा आमच्या खाटेवर कांदे पसरले व्हते.

"देवमन, जलमला तवा तुले कोनी पुसलं-गुंडाळलं, याद हाय का रे?"

"चाची, उद्या कांदे उतरवतो अन् मी सोता खाट आनून टाकतो. पक्कं."

खोटं नव्हतो बोलत, देवाशपथ. पन मंगळवारी बाजार व्हता, अन् बुधवारी पाटलाच्या घरावरून गेलो तं त्यायची खाट तिथंच. म्हनलं, आपल्यालेच काय घाई? साऱ्यायची बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

गुरुवारी साहेब आले. चाचीनं फरशी घासूनघासून धुतली व्हती. खोलीत एकच खाट. लाकडाची, नवारीची, तिच्या लग्नातली. तिनं अन् तिच्या पोरानं, शादाबनं, सकाळी डोक्यावर वाहून आनली व्हती.

"बाकीच्या कुठं आहेत?" साहेबानं इचारलं.

आमी सारे दारात उभे, आपापल्या चपला पाहत. दौलतराव म्हनले, "येतीन, साहेब." साहेबानं थोडा वेळ वाट पाह्यली, कागदावर 'खाट एक' लिहिलं अन् गाडीत बसले. उपकेंद्र दुसऱ्या गावाले गेलं.

चाचीनं मंग यूसराले बाळंतपनाच्या आधीच माहेरी, मंगरूळपीरले धाडलं. तिथं दवाखाना जवळ. पोरगी झाली, दोघी बऱ्या हायत.

त्याच्यानंतर मी एकदा चाचीकडं गेलो. घरात ती जमिनीवर सतरंजी टाकून पडली व्हती, या वयात, गुडघे धरून. मले लय लाज वाटली. म्हनलं, "चाची, आता उपकेंद्र तं गेलं. तुही खाट तरी घरी आनू. मी अन् शादाब उचलतो."

"काहून? दवाखान्याले देल्ली ना म्या," ती म्हनली. "देल्लेली वस्तू कोनी वापस आनते का?"

आमची खाट अजूनबी घरीच हाय.