सहासष्ट, सदुसष्ट

दातांच्या दवाखान्यात पडद्यामागे एक खोली असते. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि वितळलेल्या मेणाचा वास असतो. अशाच एका खोलीत चौतीस वर्षं बसून जिने निम्म्या शहराच्या म्हाताऱ्यांना चावायला दात दिले, तिला सगळे कवळीमावशी म्हणत. नाव डॉक्टरांचं व्हायचं. मावशीला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण तिचं चित्त दुसरीकडेच असायचं.

दुसरीकडे म्हणजे एका परदेशी गायिकेकडे. जॅझ आणि सोल गाणारी ही बाई मावशीला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात रेडिओवर भेटली आणि मग सुटलीच नाही. लग्न झालं, मुलगी झाली, ती सासरी गेली, मावशीची आई वारली. टेबलावरचं गाणं काही थांबलं नाही. नवऱ्याने पहिल्यांदा कॅसेटवरचं 'सोल' वाचलं तेव्हा विचारलं होतं, "कुठल्या चपलेचा?" मग तिचा जाडाभरडा आवाज ऐकला, तेव्हापासून त्याच्या लेखी ती घोगरीबाई.

"एक शब्द कळत नाही तुला. मग तासन्‌तास ऐकतेस तरी काय?"

"ती श्वास कुठे घेते ते," मावशी म्हणायची, आणि नवरा कपाळावर हात मारून घ्यायचा.

तर ही घोगरीबाई शहात्तराव्या वर्षी शहरात येणार, असं पेपरात आलं. शनिवारी दुपारी चारला, मोठ्या सभागृहात. मावशीने दोन तिकिटं काढली. आयुष्यात एकदा त्या बाईला समोर बसून ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्या कशासाठी तिने कधी हट्ट धरला नव्हता.

सोमवारी रेडिओवर गायिकेची मुलाखत लागली. मावशी कान टवकारून बसली आणि दुसऱ्याच वाक्याला तिने आवाज वाढवला. 'स'ला शीळ वाजत होती.

इथे मावशीच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. नवी कवळी बसवली की डॉक्टर पेशंटला आकडे म्हणायला लावत: सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. त्यात 'स' आणि 'ष' इतके, की कवळी जरा जरी सैल असली तरी चुगली करते. मावशी पडद्याआडून ऐकायची. ठीक असेल तर टेबलावर एकदा टकटक, नसेल तर दोनदा. डॉक्टरांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या टकटकीवर जास्त भरवसा होता.

"वरची कवळी सुटलीये," मावशी नवऱ्याला म्हणाली. "हिरडी झिजली असणार. उंच सूर लावायला तोंड उघडलं, की खाली येईल हो!"

"अगं, तिच्या देशात दातवाले मेलेत का?"

"असतील ना. पण त्यांनी तिला चौतीस वर्षं ऐकलेलं नाही."

मग जी चुळबुळ सुरू झाली, ती काही केल्या थांबेना. मंगळवारी भाजीत दोनदा मीठ पडलं. बुधवारी तिने एका हेडमास्तरांच्या कवळीत उजवा सुळा डावीकडे बसवला. उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, पुन्हा उठायची. सांगायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडाने? न सांगावं, तर भरल्या सभागृहात त्या बाईची शोभा होणार. गुरुवारी तिने सभागृहात फोन केला. मॅनेजरने 'दात' हा शब्द ऐकला आणि फोन ठेवून दिला.

"एका जागी बस गं," नवरा म्हणाला. "तुझ्याकडे बघून मलाच गरगरतंय."

शुक्रवारी डॉक्टरांना पोटदुखीची थाप मारून मावशी कवळीच्या सामानाची पिशवी घेऊन सभागृहाच्या मागच्या दाराशी गेली. म्हातारा वॉचमन आडवा आला. "आत सोडता येणार नाही, साहेबांची सक्त ताकीद आहे."

मावशीने ते वाक्य नीट ऐकून घेतलं. "तुमची खालची कवळी हलते. जेवताना काढून ठेवता ना?"

वॉचमनचा चेहरा पडला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मुकाट्याने दार उघडलं.

आत तालमीसाठी आलेली गायिका शाल गुंडाळून बसली होती. मावशीने दुभाषी मुलीला कानात काय ते सांगितलं. मुलगी लाजेने लाल झाली, पण तिने ते जसंच्या तसं पोचवलं. गायिकेने मावशीकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. मग तोंडावर हात धरला, कवळी काढली आणि मावशीच्या तळव्यावर ठेवली. ओली आणि कोमट. मावशीला रडू फुटलं, पण हात आपलं काम करत राहिले. तिने मऊ अस्तर कालवलं, कवळीला आतून लावलं, गायिकेला चावून धरायला लावलं, मग कडा कापून घासल्या.

"आता म्हणा. सहासष्ट, सदुसष्ट."

गायिका पहिलीतल्या पोरीसारखी आकडे घोकू लागली. तिसऱ्या वेळी 'स' स्वच्छ आला. मावशीने सवयीने टेबलावर एकदा टकटक केली.

शनिवारी मावशी आणि नवरा तिसऱ्या रांगेत बसले. गायिका आली, गायली, आणि दात जागचे हलले नाहीत. पण मावशीचं काय झालं? ती पहिल्या ओळीपासून कवळीच ऐकत बसली. प्रत्येक 'स'ला तिचा श्वास अडकायचा, प्रत्येक उंच सुराला मुठी आवळायच्या. अस्तर धरेल ना? डावीकडे जाड तर राहिलं नाही? असे दोन तास गेले. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की तिने एकही गाणं ऐकलेलं नाही. आणि गायिकेचा हा शेवटचा दौरा होता.

बाहेर अजून ऊन होतं. नवऱ्याचे डोळे रडून सुजले होते.

"काय गायली गं," तो म्हणाला.

मावशी फुटपाथवर मधेच थांबली. "अहो, मला काहीच ऐकू आलं नाही. मी नुसते दात ऐकले." आणि ती भर रस्त्यात हुंदके देऊन रडू लागली.

एरवी त्याने आठवडाभर पुरेल एवढी थट्टा केली असती. आज त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, घसा खाकरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता पहिल्या गाण्याची चाल गुणगुणायला लागला. सूर कुठल्या कुठे जात होता.

"हळू," मावशी डोळे पुसत म्हणाली. "पहिल्यापासून म्हणा."